रिंग बदलली की कुकर नवा

घरातला प्रेशर कुकर वर्षानुवर्षं चालतो. रिंग सैल झाली, शिट्टी हरवली, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, तरी भांड्यांच्या दुकानात तो भाग थोडक्या पैशांत मिळतो आणि घरातलं कुणीही तो बसवतं.

ओट्याशेजारी चार्जिंगला लावलेल्या मोबाइलचं तसं नाही. बहुतेकांची बॅटरी आत चिकटवलेली असते. ती काढायला मागचं झाकण तापवून सोडवावं लागतं. लिथियम-आयन बॅटरी झिजणारच, हे बनवणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं. तरी ती अशी बंदिस्त ठेवणं हा ग्राहकावर अन्यायच आहे.

फ्रान्सने २०२१ पासून मोबाइल-लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण दाखवणं सक्तीचं केलं. भारत सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं.

पुढची वस्तू घेताना दुकानदाराला आधी एवढं जरूर विचारा: हिचे सुटे भाग मिळतात का?