शत्रूचा चेहरा

दिवाळीत अंगणात किल्ला करण्याची प्रथा महाराष्ट्राबाहेर येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांनीही सोडलेली नाही. रायपुरातील आमच्या क्वार्टरच्या अंगणात दरवर्षी विटा, गोणपाट आणि माती यांचा एक गड उभा राहतो. त्यावर मोहरी उगवते, महाराज सिंहासनावर बसतात आणि नागपूरहून आणलेले मातीचे मावळे बुरुजांवर पहारा देतात. या थाटात एक उणीव मात्र माझ्या बालपणापासून कायम आहे. बाजारात मावळे मिळतात, शत्रू मिळत नाही. निदान माझ्या पाहण्यात तरी मातीचा शत्रू विकणारा कुंभार आलेला नाही. गड कोणापासून राखावयाचा, हा प्रश्न मुलांच्या कल्पनेवर सोडलेला असतो.

गेल्या दिवाळीत माझ्या आठ वर्षांच्या मुलाने ही उणीव भरून काढली. गोलबाजारातून त्याने माझ्याकडून ६० रुपयांचे एक पाकीट घेवविले. त्यात अंतराळयुगातले प्लॅस्टिकचे सैनिक होते. अर्धे हिरवे, अर्धे करडे. पाठीवर नळकांडी, हातात कसलीशी किरणांची बंदूक. वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरून असे सैनिक काढतात. साच्याची दोन अर्धुके जेथे मिळतात तेथली रेघ प्रत्येकाच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत उमटलेली होती. चेहरा म्हणून काही नव्हताच. शिरस्त्राणाची गुळगुळीत काच तेवढी होती.

दिवाळी सरली, किल्ला मोडला आणि हे सैनिक जेवणाच्या टेबलावर आले. शेजारची मुले जमली. वह्यापुस्तकांचे डोंगर झाले, पालथ्या वाटीचा तळ झाला. नियम त्यांनीच ठरविले. एका वेळी एका फूटपट्टीच्या लांबीइतकी चाल. मग लुडोचा फासा टाकावयाचा. पाच किंवा सहा पडले की समोरचा सैनिक आडवा. सारे सिद्ध झाल्यावर मुलाने विचारले, "बाबा, यांतले वाईट कोणते?"

मी पाकीट उलटसुलट करून पाहिले. त्यावर तसे काही छापलेले नव्हते. हिरवे आणि करडे एकाच साच्यातून निघालेले. भेद काय तो रंगाचा.

प्रथम मला वाटले, हे बरेच झाले. टेबलाभोवती बसलेल्या मुलांत एक छत्तीसगढी होता, एक मुसलमान होता, एक उडिया. इतिहासातला कोणताही शत्रू मांडला असता, तरी तो यांच्यापैकी कोणाचा ना कोणाचा पूर्वज ठरण्याचा संभव होता. आपण मराठी माणसांनी तर या भूमीत हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी रतनपूरच्या हैहयांवर चाल केली. त्या वेळच्या रतनपूरच्या मुलांनी मातीचा किल्ला केला असता, तर त्याच्या पायथ्याशी उभा राहिलेला शत्रू मराठी बोलला असता. तेव्हा ज्याला जात नाही, गाव नाही, भाषा नाही, असा परग्रहावरचा शत्रू सर्वांत निरुपद्रवी, असे म्हणावयास हरकत नव्हती.

तथापि मनाचे समाधान होईना. ज्याला चेहरा आहे त्याला मारताना काही कारण द्यावे लागते. बिनचेहऱ्याच्या शत्रूला मारण्यास कारणच लागत नाही. तो मरण्यासाठीच साच्यातून निघालेला असतो. ही सवय चांगली काय?

या दोन्ही बाजू एच. जी. वेल्स या एकाच लेखकाच्या ठायी आढळतात. १८९८ साली त्याने पृथ्वीवर चालून येणाऱ्या मंगळवासीयांची कादंबरी लिहिली. पण तिच्या आरंभीच त्याने वाचकाला बजावले की, त्यांना निर्दय म्हणण्यापूर्वी आपल्याच जातीने टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचे काय केले ते आठवावे. पुढे १९१३ साली त्याने 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यांतले सैनिक आणि स्प्रिंगच्या तोफा घेऊन लुटुपुटीची लढाई कशी खेळावी, याचे नियम सांगितले. खऱ्या युद्धापेक्षा ही लढाई किती बरी, असे त्याचे प्रतिपादन होते. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले. खेळाने युद्ध पेटले नाही; खेळाने ते टळलेही नाही. तेव्हा दोष प्लॅस्टिकच्या माथी मारून मला सुटता येईना.

कारण बिनचेहऱ्याची माणसे मी रोज हाताळतो. मी कारकून आहे. माझ्या टेबलावर माणसे येत नाहीत, प्रकरणे येतात. एका विधवेचे कुटुंबनिवृत्तिवेतनाचे प्रकरण मी तीनदा परत पाठविले होते. पहिल्यांदा नावात फरक, मग दाखला अपुरा, मग एक सही राहिलेली. प्रत्येक आक्षेप नियमाला धरून होता. परंतु तिन्ही उणिवा पहिल्या दिवशीच कागदांत होत्या. मी एक दिसली की तेथेच थांबत गेलो. ६ एप्रिल २०१० रोजी आमच्याच राज्यात ताडमेटला येथे ७६ जवान मारले गेले, तेव्हा मी महाविद्यालयात होतो. तो आकडा मला पाठ आहे; त्यांतले एकही नाव मला सांगता येणार नाही. फासा टाकणाऱ्या मुलांना मी काय शिकविणार?

मी मुलाला एवढेच म्हणालो, "पाकिटावर लिहिलेले नाही. तुम्हीच ठरवा." त्यांनी नाणे उडविले, हिरवे वाईट ठरले. खेळ संपल्यावर हिरव्यांकडून हरलेला मुलगा हटून बसला की, पुढच्या डावात बाजू बदलावयाच्या. बुद्धिबळात काळी-पांढरी आलटून पालटून घेतात, तसेच ते झाले. चार डावांत प्रत्येक मुलगा दोनदा वाईट झाला आणि दोनदा चांगला. पाचव्या डावाला कोणते वाईट, हे विचारावयाचे सर्वजण विसरले. रात्री दोन्ही सैन्ये एकाच पाकिटात गेली.

सोमवारी मी ते प्रकरण पुन्हा काढले. अर्ज पहिल्या ओळीपासून, तो माझ्याच आईने केला असता तर जसा वाचला असता, तसा वाचला. आणखी एक उणीव सापडली, दाखल्यावरच्या तारखेची. या वेळी पत्र न धाडता त्या बाईंना निरोप पाठवून बोलावून घेतले आणि काय काय लागेल ते एकदाच, त्यांच्यासमोर, कागदावर लिहून दिले.