पाहुण्याची चप्पल

मागच्या वर्षी मे महिन्यात आई, बाबा, आत्या आणि मी आष्टीहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला गेलो. दोन दिवस पुणं बघायचं होतं, म्हणून तिथे पोचल्यावर सेल्फ-ड्राइव्हची गाडी भाड्याने घेतली. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, नंबर एमएच १२.

शनिवारवाड्याजवळ गाडी लावायला जागा शोधत तीन चकरा मारल्या. आत्याचे गुडघे दुखत होते, आईला ऊन सोसत नव्हतं. शेवटी शनिवार पेठेतल्या एका गल्लीत, जुन्या वाड्याच्या फाटकासमोर जागा दिसली. फाटक बंद होतं. बोर्ड नव्हता. ‘दहा मिनिटांत येऊ’ म्हणून गाडी लावली. आधी शनिवारवाडा, मग दगडूशेठ, मग आत्याच्या हट्टाने तुळशीबाग. परत आलो तेव्हा अडीच तास झाले होते.

फाटक उघडं होतं आणि आत एक गाडी तोंड बाहेर करून उभी होती. पायरीवर साठीचे एक गृहस्थ बसले होते. “ही गाडी तुमची का?” त्यांनी विचारलं. त्यांच्या आईला व्हीलचेअरसकट गाडीत बसवून फिजिओथेरपीला न्यायचं होतं. रिक्षात ती खुर्ची मावत नव्हती. त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक दुकानात विचारलं होतं, गाडी कुणाची? कुणालाच माहीत नव्हतं.

बाबांनी हात जोडले. “चुकलंच आमचं.”

“वेळ गेली आता. उद्या नेऊ,” ते म्हणाले. मग विचारलं, “कुठून आलात?”

“आष्टी. जालना जिल्हा.”

“लांबून आलात की. पाणी घेता का?”

ते पाणी आम्ही प्यालो. अजून पचलेलं नाही.

पंधराएक दिवसांनी नो पार्किंगच्या चलनाचे पैसे माझ्या डिपॉझिटमधून कापले गेले. मेसेज आला आणि आधी हलकं वाटलं, चला, फिटलं. मग प्रश्न पडला की नक्की काय फिटलं? दंड सरकारला मिळाला. त्या आजींची हुकलेली वेळ तिथेच राहिली. ज्याचं नुकसान केलं तो एक आणि ज्याला पैसे दिले तो दुसरा, तरी हिशेब मिटला असं आपल्याला वाटतं. ही सोय फार मोठी आहे.

त्या दिवशी मनात आलेल्या सबबी मी नंतर एकेक करून तपासल्या. बोर्ड नव्हता, पण फाटक होतं, आणि फाटक हाच बोर्ड असतो. दहा मिनिटांचं म्हणाल, तर तुळशीबागेत दहा मिनिटांत कुणाचं होतं? सगळेच लावतात हेही खरं नव्हतं. सगळे लावत असते तर ती जागा मला रिकामी मिळाली नसती. ती रिकामी होती, कारण बाकीच्यांनी तिथे लावायचं टाळलं होतं.

एक सबब मात्र सहज मोडत नाही. रस्ता सगळ्यांचा आहे. पेठेतले लोकही रात्रभर आपल्या गाड्या रस्त्यावर लावतातच. मग आष्टीहून दवाखान्याला, परीक्षेला किंवा नुसतं शहर बघायला आलेल्या माणसाने गाडी डोक्यावर घ्यायची का? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर शहरानेही द्यायला हवं. वाड्यासमोरचा रस्ता त्या गृहस्थांच्या मालकीचा नव्हताच. पण घरातून बाहेर पडण्याचा हक्क त्यांचाच होता. मी जागा घेतली असती तर भांडता आलं असतं. मी वाट घेतली होती.

काही शहरांनी हा फरक रस्त्यावर रंगवूनच ठेवलाय. इटलीत साधारणपणे पांढऱ्या पट्ट्यांत गाडी फुकट लावता येते, निळ्या पट्ट्यांत पैसे भरून, आणि पिवळ्या पट्ट्या रहिवासी, अपंग अशा ठरावीक लोकांसाठी राखीव असतात. रोम, फ्लॉरेन्ससारख्या शहरांच्या जुन्या भागात तर परवान्याशिवाय गाडी न्यायलाच ठरावीक वेळी बंदी असते. कॅमेरा नंबर टिपतो, पत्र भाड्याची गाडी देणाऱ्या कंपनीकडे जातं, आणि पर्यटक मायदेशी परतल्यावर कधी कधी महिन्यांनी त्याच्या हातात दंड पडतो. ‘आम्हाला फसवलं’ असं त्याला वाटतं. त्या गल्लीत राहणाऱ्याला मात्र तो कॅमेरा कुंपणासारखा वाटत असणार.

आपल्याला असं कुंपण अजिंठ्याला चालतं. लेण्यांच्या अलीकडे चारेक किलोमीटरवर फर्दापूरच्या फाट्याला गाडी सोडायची आणि पुढे एसटीच्या बसने जायचं. धुराने चित्रं खराब होतील हे आपल्याला पटतं. चित्रांसाठी पायउतार होणारे आपण जिवंत माणसाच्या दारासमोर मात्र ‘दहाच मिनिटं’ म्हणतो.

याचं कारण मला त्या गृहस्थांच्या प्रश्नात सापडलं. गाडी कुणाची? आष्टीत हा प्रश्न दोन मिनिटं टिकत नाही. कुणाच्या दारात ट्रॅक्टर लागला तर हाक नाव घेऊनच जाते, आणि संध्याकाळपर्यंत ती गोष्ट घरी पोचलेली असते. पुण्यात माझ्याकडे माझी नसलेली गाडी होती आणि माझं नसलेलं शहर. पाटीवरचा नंबरसुद्धा मला ओळखत नव्हता. म्हणजे आष्टीत मी नीट गाडी लावतो ती चांगुलपणाने की ओळखीच्या धाकाने?

न्यूयॉर्कमध्ये या प्रश्नाची जणू परीक्षाच झाली. संयुक्त राष्ट्रांत आलेल्या परदेशी अधिकाऱ्यांकडून राजनैतिक संरक्षणामुळे पार्किंगचा दंड वसूल करता येत नसे. 1997 ते 2002 या पाच वर्षांत त्यांनी न भरलेल्या पावत्या दीड लाखाच्या वर गेल्या. 2002 मध्ये शहराने थकबाकीदारांच्या राजनैतिक नंबरप्लेट काढून घ्यायला सुरुवात केली आणि हे प्रकार जवळजवळ थांबले. यावरून माणूस फक्त धाकाने वागतो असं म्हणता येईल. पण रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनी त्या पावत्या देशवार मांडल्या, तेव्हा नॉर्वे, स्वीडनसारख्या काही देशांच्या अधिकाऱ्यांच्या नावावर एकही थकीत पावती नव्हती. शहर तेच, सूट तीच, गर्दी तीच. तरी काहींनी जागा शोधली.

आम्ही बाहेरगावचे, पाहुणे, थोडं सांभाळून घ्या, असं आपण म्हणतो. पण कुणाच्या घरी गेलो की पाहुणा म्हणूनच आपण दारात थांबतो आणि विचारतो, चप्पल इथं काढू का? वाटेत पडलेली चप्पल आपणहून बाजूला सरकवतो. यजमान रागावेल म्हणून नाही, कुणी अडखळेल म्हणून. गाडी ही पाहुण्याची चप्पलच आहे, फक्त हजार किलोची. ती वाटेत राहिली तर यजमानाला सरकवताही येत नाही.

आता गाडी लावताना मी जवळच्या टपरीवाल्याला विचारतो, “इथं लावली तर कुणाला अडचण होईल का?” आणि पुठ्ठ्यावर ठळक नंबर लिहून काचेआड ठेवतो. बाबांना आधी ते हास्यास्पद वाटलं होतं. दिवाळीत संभाजीनगरला नाश्ता करताना फोन वाजला. पलीकडून कुणी बाई म्हणाल्या, “दादा, जरा गाडी पुढे घेता का?”

मी उठायच्या आत बाबा किल्ली घेऊन निघाले होते. त्यांना गाडी चालवता येत नाही.