उरलेल्या तुकड्यांचं टेबल

सुताराच्या कोपऱ्यात सागाचे, शिसवाचे, आंब्याचे तुकडे साठतात आणि बहुधा बंबात जातात. त्यांचेच समभुज चौकोन कापून टेबलावर नक्षी जुळवता येते. 60 अंशांचे 6 कोन एका बिंदूशी आले की चांदणी होते. पण प्रत्येक कोन अर्धा अंश कमी कापला गेला, तर शेवटी 3 अंशांची फट उरते. ती लांबीने भरली तरी डोळ्यांत खुपते! म्हणून कसबी हात तुकडे आधी कोरडेच मांडून बघतो. पावसाळ्यात लाकूड आडव्या अंगाने फुगतं, त्यामुळे कडेच्या पट्टीशी किंचित जागा सोडावी लागते. काळपट शिसव सागाशेजारी बसलं, की वेगळा रंग लागतच नाही. गल्लीतल्या सुताराकडचे तुकडे जळणात जाण्याआधी एकदा बघून या.