बाप्तिस्म्यानंतरचा संसार

ख्रिस्ती घरातला कर्ता म्हातारा गेला की दफनविधीच्या उपासनेत त्याचं जीवनवृत्त वाचतात. बहुधा मुलगा वाचतो, नाहीतर शिकलेला नातू. जन्म कुठला, बाप्तिस्मा कोणत्या पाळकसाहेबांच्या हातून, लग्न कोणत्या साली, नोकरीच्या बदल्या कुठे कुठे, लेकीसुना, नातवंडं, मंडळीत केलेली सेवा, आणि शेवटी ‘प्रभूमध्ये विसावले’. सगळं मिळून दीडेक पान. वाचून झालं की कागदाची घडी खिशात जाते, माती दिली जाते, माणसं पांगतात. लातूर जिल्ह्यातल्या चाकूरसारख्या गावात त्या गर्दीत ख्रिस्ती थोडे आणि शेजारीपाजारी जास्त. लिंगायत, मराठा, मुसलमान, बौद्ध सगळे असतात. पन्नास वर्षं ज्याच्याशी रोज बोलणं झालं, त्या माणसाचा निम्मा जीवनक्रम त्यांना त्या दीड पानातून पहिल्यांदा कळतो.

ते दीड पान मला मराठी ख्रिस्ती साहित्यातली सर्वांत दुर्लक्षित चीज वाटते. कारण या साहित्यात धर्मांतराची गोष्ट भरपूर आहे, धर्मांतरानंतरच्या संसाराची फार कमी. बाबा पदमनजींचंच पाहा. 1831 मध्ये बेळगावात जन्म, 1854 मध्ये बाप्तिस्मा. ‘अरुणोदय’ हे त्यांचं आत्मचरित्र प्रामुख्याने बाप्तिस्म्यापर्यंतच्या वाटेचं आहे. मूर्तिपूजेविषयीच्या शंका, घरच्यांचा विरोध, मनाची ओढाताण यांना त्यात पानंच्या पानं आहेत. पण बाबा वारले 1906 साली, म्हणजे नव्या धर्मात ते बावन्न वर्षं जगले. त्या बावन्न वर्षांत त्यांनी पाळकपण केलं, पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली, घर चालवलं. वाचकाच्या डोळ्यांसमोर राहतो तो मात्र तेवीस वर्षांचा, उंबरा ओलांडणारा तरुण.

त्या काळी तो उंबरा फार महाग पडे. नारायण शेषाद्रींनी 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे गेला, तेव्हा वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने अल्पवयीन श्रीपतला त्यांच्या हवाली केलं. त्याला जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करला. एका आईचे दोन मुलगे दोन धर्मांत गेले. नारायणराव पुढे निजामाच्या मुलखात, आपल्याच मराठवाड्यात आले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि मांग-महार समाजातल्या नवख्रिस्त्यांसाठी तिथे घरं, विहिरी, शाळा उभ्या केल्या. घर गमावलेल्या माणसाने गाव वसवलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. तरी त्यांचं नाव निघतं ते श्रीपतच्या खटल्यापुरतंच.

संसार टिकवण्याची खरी कसोटी मात्र कवी नारायण वामन टिळकांच्या घरात लागली. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई नातलगांच्या आश्रयाला होत्या आणि लेक दत्तू लहान होता. 1866 चा एक कायदा टिळकांच्या बाजूने उभा होता. पती किंवा पत्नी ख्रिस्ती झाल्यावर जोडीदार धर्माच्या कारणाने नांदायला तयार नसेल, तर ख्रिस्ती झालेल्याला कोर्टातून ते लग्न मोडून घेता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही. पत्रं लिहिली, भांडले, रुसले, थांबले. पाचेक वर्षं अशी गेली. लक्ष्मीबाई परत आल्या त्या आपलं सोवळं घेऊन. नवरा ख्रिस्ती आणि बायकोचं पाणी वेगळं. त्यांचा बाप्तिस्मा झाला 1900 साली, स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या वेळेला. टिळक तापट होते, उधळे होते, घरात पैसा टिकू देत नसत, हे लक्ष्मीबाईंनीच हसत हसत लिहून ठेवलंय. तेव्हा आदर्श पती वगैरे म्हणायची सोय नाही. पण कायदा हाताशी असताना थांबलेला नवरा त्यांच्या कवितांपेक्षाही मला जवळचा वाटतो.

टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला. ख्रिस्ती झाले तरी आपल्या मातीची ओढ अशी! वैराग्य म्हणजे घर सोडणं, हे आपल्या मनात फार खोल रुजलंय. आणि याच मराठवाड्याने त्याची उलट बाजूही पाहिली आहे. आपेगावच्या विठ्ठलपंतांनी, ज्ञानेश्वरांच्या वडिलांनी, संन्यास सोडून पुन्हा संसार मांडला, त्याची शिक्षा त्यांच्या लेकरांनी भोगली. पैठणच्या एकनाथांनी मात्र घर सोडलंच नाही. गिरिजाबाईंसह अन्नदान चालवलं, भागवत लिहिलं आणि वडिलांचं वागणं न पटलेल्या मुलाचा रुसवाही झेलला. म्हणून आमच्याकडच्या ख्रिस्ती म्हाताऱ्यांची जीवनवृत्तं ऐकताना मला टिळकांच्या आधी नाथ आठवतात. रोज संध्याकाळी घरची प्रार्थना, रविवार न चुकवणं, दाराशी आलेल्याला जेवू घालणं, दारूपासून पोरांना लांब ठेवणं: यात चरित्रकाराला हाताशी धरण्यासारखं नाट्य नाही. साठ वर्षं हे रोज करणं अवघड आहे, एवढंच.

या साठ वर्षांत एक पेच असा आहे, जो जीवनवृत्तात कधीच येत नाही. मराठवाड्यातली बहुतेक ख्रिस्ती कुटुंबं दलित जातींतून आलेली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता ठेवला, 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना दिला. ख्रिस्त्यांना आजही नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून आलेले ख्रिस्ती इतर मागासवर्गात मोजले जातात. म्हणजे बापाने शाळेच्या दाखल्यावर ‘ख्रिश्चन’ लिहिलं की लेकाची सवलत बदलली, वसतिगृह बदललं, कधी नोकरीही हुकली. वस्तीतले लोक मात्र जात विसरत नाहीत. पाणवठ्यावर आणि भाड्याच्या खोलीसाठी ती आठवणीने विचारतात. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये हा दर्जा धर्मापासून वेगळा करण्याची शिफारस केली. 2022 मध्ये त्याच प्रश्नावर के. जी. बालकृष्णन आयोग नेमला गेला. दरम्यान दोन पिढ्यांच्या बापांनी दाखल्यावरच्या त्या रकान्यासमोर पेन हातात धरून काय विचार केला असेल? कुणी खरं लिहिलं, कुणी लेकराच्या फीकडे पाहून जुनंच नाव ठेवलं. पहिल्याला शहाणा आणि दुसऱ्याला ढोंगी ठरवण्याचा अधिकार, ज्याला असा रकाना कधी भरावा लागला नाही, त्याला तर मुळीच नाही. मला विचाराल तर निष्ठेची खरी परीक्षा त्या रकान्याशी होती, आणि तिचा निकाल बापाने लेकरांपासूनही लपवून ठेवला.

हे सगळं कळायचं कसं? टिळकांच्या घरात ते कळलं, कारण घरातल्यांनीच ते काम अंगावर घेतलं. वडिलांचं चरित्र लिहायचं म्हणून दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, आईला आठवणी लिहून द्यायला सांगितलं. आईने लिहिलं ते ‘स्मृतिचित्रे’ झालं, 1934 ते 1936 मध्ये चार भागांत छापलं गेलं. लक्ष्मीबाई 1936 मध्ये गेल्या, तेव्हा चौथा भाग देवदत्तांनी पुरा केला. पुढे नातू अशोक टिळकांनी त्याची संपादित आवृत्ती काढली. तीन पिढ्यांनी एका घराची आठवण जपली, म्हणून आज मराठी वाचकाला एक ख्रिस्ती संसार आतून ठाऊक आहे. एकच.

लातूर, उदगीर, नांदेड, जालन्याच्या मंडळ्यांना म्हणून एक विनंती आहे. दफनविधीत वाचलेलं ते दीड पान पाळकसाहेबांनी मागून घ्यावं, त्याची एक प्रत चर्चच्या दप्तरात ठेवावी आणि एक तालुक्याच्या वाचनालयात द्यावी. ज्यांच्या घरात ऐंशी ओलांडलेला बाप अजून बसलेला आहे, त्यांनी दाखल्याच्या त्या रकान्याबद्दल त्याला या दिवाळीच्या सुट्टीतच विचारावं, आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावं.