तेच वाण, पण तेच गाजर नव्हे

जुन्या वाणाचं गाजर परसात लावून त्याचं बी दरवर्षी राखणारा माणूस एका जुन्या दार्शनिक प्रश्नाला हात घालत असतो. मागच्या हंगामातलं गाजर संपलेलं असतं, यंदाचं वेगळ्याच बियांतून उगवलेलं असतं, तरी आपण म्हणतो, वाण तेच. हे कशाच्या जोरावर? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला विचारतो, की पुन्हा जन्मणारा तोच असतो की दुसरा? नागसेनाच्या मते तो तोही नव्हे आणि दुसराही नव्हे. रात्रभर तेवणाऱ्या दिव्याची पहिल्या आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत असते, तसा. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. व्यक्ती येतात-जातात, त्यांच्यात राहणारी जाती मात्र नित्य असते, असं ते सांगतात. वाणाच्या बाबतीत मला नागसेनाची बाजू पटते, पण तिच्यात एक भर घालावी लागते. वाणाचं सातत्य आपोआप चालत नाही. ते कोणीतरी निवड करून चालवावं लागतं.

गाजराचा स्वभावच याला साक्ष आहे. ते आधी मूळ भरतं आणि मग फुलावर येतं. म्हणून बी हवं असेल तर उत्तम गाजरं खायचा मोह आवरावा लागतो. ती उपटायची, रंग आणि आकार पारखायचा, खालचा तुकडा कापून चव बघायची आणि थोडे देठ राखून वरचा भाग पुन्हा मातीत लावायचा. सगळ्यात कठोर काम वेगळंच आहे. जी झाडं मूळ भरण्याआधीच फुलोरा काढतात, ती उपटून टाकावी लागतात. त्यांचं बी सर्वांत आधी आणि विनासायास मिळतं; तेच राखत गेलं तर काही पिढ्यांत नाव जुनं राहतं आणि हातात काष्ठासारखी मुळं येतात. नैयायिक म्हणेल, तरीही ते गाजरच आहे, जाती कुठे बिघडली? खरं आहे. पण मग ही नित्य जाती आपला प्रश्न सोडवत नाही, कारण जे हरवलं ते गाजरपण नव्हतं, ते वाण होतं.

संकरित बियाण्याशी तुलना केली की मुद्दा उघड होतो. संकरित गाजराचं पाकीट दरवर्षी जवळजवळ हुबेहूब पीक देतं, कारण त्याच दोन पालक वंशांचा संकर दर वेळी नव्याने केला जातो. शेतात उभ्या राहिलेल्या पिकाचा पुढच्या पाकिटाशी काहीच संबंध नसतो, आणि त्याचं बी धरलं तर पुढची पिढी विस्कटते. इथे सारखेपणा आहे, वंश नाही. जुन्या वाणात नेमकं उलट आहे: वंश अखंड असतो, पण दोन गाजरं हुबेहूब नसतात. परंपरा म्हणजे काय, या प्रश्नाकडे वळताना आपण या दोन गोष्टींची सतत गल्लत करतो. जसंच्या तसं असणं म्हणजेच निष्ठा, असं धरून चालतो. तशी निष्ठा मागितली तर गाजराला मूळच सापडणार नाही. आज ज्ञात असलेली लागवडीची सुरुवात मध्य आशियातल्या जांभळ्या-पिवळ्या गाजरांपासून होते. नारिंगी गाजर युरोपात नंतर रुजलं, आणि आपलं लाल देशी गाजरही त्याच आशियाई घराण्यातलं आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. निवडीवरच सगळं अवलंबून असेल, तर माणसाची लहर वाण बिघडवेल. त्यापेक्षा बी गोठवून ठेवणं अधिक सुरक्षित नव्हे का? नॉर्वेतल्या स्वालबार्ड इथे 2008 पासून तशी तिजोरी आहेच, आणि तिची गरज मी नाकारत नाही. पण 2015 मध्ये तिथून पहिल्यांदा बी काढावं लागलं ते सीरियातल्या युद्धामुळे आलेप्पोजवळची बीजपेढी वापरता येईना म्हणून. आणि ते बी लेबनॉन व मोरोक्कोत पेरून वाढवावं लागलं. घरच्या डब्यात तर गाजराच्या बियांची उगवणशक्ती काही वर्षांतच घसरते. तिजोरी मुदत वाढवून देते, पेरणी टाळता येत नाही. लहरीचा धोका मात्र खरा आहे, आणि त्यावरचा उपाय अधिक माणसं हा आहे.

कारण गाजर एकट्याने राखता येतच नाही. ते परपरागित आहे. कीटक एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात. चार-दोन झाडांवरूनच बी धरत गेलं तर अंतःप्रजननाने पुढची पिढी खुरटते. परके पराग आत येऊ दिले नाहीत तर वाण शुद्ध राहतं, पण संख्याही तोकडी ठेवली तर ती शुद्धताच त्याचा जीव घेते. त्यासाठी निदान काही डझन झाडं लागतात, आणि छोट्या परसात तेवढी मावत नाहीत. म्हणून या हिवाळ्यात देशी गाजर लावणार असाल तर एकाच वाणाचं बी दोन-तीन घरांत वाटून घ्या, निवडलेली गाजरं बी धरण्यासाठी एकत्र लावा, आणि तयार झालेलं बी पुन्हा सगळ्यांत वाटा. देशी वाणं आपल्या मैदानी हवेतही बी धरतात.