माघार

चळवळीतल्या पोरांना सगळ्यात जिव्हारी लागणारा शब्द म्हणजे माघार. मोर्चा रद्द झाला की कुणीतरी लगेच म्हणतं, 'विकले गेले साले.' माझं म्हणणं एवढंच, शिवी हासडण्याआधी मागं सरणारा कोण, कशातून सरतोय आणि कुणाच्या धाकानं, हे बघा.

महाड, डिसेंबर 1927. चवदार तळ्यावर सत्याग्रह करायला हजारो माणसं जमलेली. स्पृश्यांनी कोर्टाचा मनाई हुकूम आणलेला. 25 तारखेला मनुस्मृती जळाली, पण सत्याग्रह तहकूब झाला. 27 ला लोक तळ्याला मिरवणुकीनं वळसा घालून आले, पाण्याला हात न लावता. याला माघार म्हणायचं तर म्हणा. पण ती भर परिषदेत, कारणं तोंडावर सांगून, ठराव करून घेतलेली. आणि दावा सोडला नाही. 17 मार्च 1937 ला हायकोर्टात जिंकला. सव्वानऊ वर्षं!

काळाराम मंदिराचं निराळं. 1930 ला सुरू झालेला तो लढा 1934 मध्ये थांबवला, तेव्हा त्या दारातलं मनच काढून घेतलं होतं. पुढच्याच वर्षी येवला.

उना प्रकरणानंतर 2016 मध्ये गुजरातेतल्या आपल्या माणसांनी मेलेली ढोरं उचलायचं सोडलं. तेही अंग काढून घेणंच. गाव मात्र आपल्यापासून अंग काढून घेतं तेव्हा किराणा बंद, दळण बंद, मजुरी बंद. त्याचं नाव बहिष्कार.

आता खरी अडचण. अत्याचाराच्या केसमध्ये फिर्यादी कोर्टात उलटतो. कोर्ट त्याला फितूर म्हणतं, आपणही म्हणतो. अरे, फितूर म्हणजे शत्रूला मिळालेला! ज्याची रोजी आरोपीच्या शेतात, पाणी आरोपीच्या विहिरीवर, तो मिळाला कुणाला? त्याचं उलटणं बरोबर, असं मी म्हणत नाही. त्यानं पुढच्या दहा वस्त्यांचं नुकसान होतं. पण जीप घेऊन गेलेले, भाषणं ठोकून आलेले कार्यकर्ते समन्स निघेपर्यंत त्या वस्तीत पुन्हा किती वेळा गेले? पहिली माघार कुणाची?

1989 च्या कायद्याखाली 1995 ला नियम झाले. साक्षीला येणाऱ्याला प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाची किमान मजुरी द्यायची, असं त्यात लिहिलंय. हे त्याला कुणी सांगितलंय का? पुढच्या तारखेला त्याच्याबरोबर एसटीत कोण बसणार, ते या बैठकीत ठरवा. बाकीचे विषय नंतर घेऊ.