लाल रीळ

घाटकोपर पश्चिमेला, डोळ्यांच्या एका दवाखान्यात असल्फ्याची एक सून आली. बरोबर सासूबाई. केसपेपर भरणारी शिकाऊ मुलगी भराभर विचारत गेली आणि उत्तरं सासूबाई देत गेल्या. शुगर? नाही. बीपी? नाही. काही औषधं चालू? "औषधबिवषध काही नाही हो, धडधाकट आहे. नंबर आला असेल, तेवढा काढा."

नंबर काही निघेना. काचा बदलून झाल्या, बारीक भोकाची चकती लावून झाली, तरी दोन्ही डोळे 6/24च्या ओळीवर अडले.

डॉक्टरबाईंनी केसपेपर वाचला, सासूबाईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि दार लोटलं.

"काय काम करतेस?"

"साड्यांना फॉल-बिडिंग."

"त्यात कुठे अडतं?"

"लाल रीळ म्हणून उचलते ते चॉकलेटी निघतं. परवा गिऱ्हाइकाने साडी परत आणली."

नंबर वाढला म्हणून लाल ओळखू येईनासा होत नाही. बाईंनी आवाज उतरवला. "लघवी केशरी होते, अशा गोळ्या चालू आहेत?"

सुनेने दाराकडे पाहिलं. बराच वेळ ती बोलली नाही आणि बाईंनीही मध्ये शब्द घातला नाही. त्या दिवशीच्या तपासणीतला सगळ्यात मोलाचा वेळ तोच.

"चार महिने झाले. ह्यांना माहीत आहे. सासूबाईंना नाही."

टीबीच्या गोळ्या. लघवी रंगते ती रिफाम्पिसिनने. पण सोबतचं एथाम्ब्युटॉल काही जणांच्या डोळ्याच्या नसेला बाधतं, आणि सरकारी उपचारात ते आता पूर्ण सहा महिने असतं. वेळीच बंद केलं तर नजर बहुतेकदा हळूहळू सुधारते. उशीर झाला तर कायमची जाऊ शकते.

"तू कोऱ्या जागा भरल्यास," बाई शिकाऊ मुलीला म्हणाल्या. "विचारलं मात्र कुणालाच नाहीस. ज्याचा डोळा, त्यालाच विचारायचं. आणि त्याला खरं बोलता येईल अशी जागा आधी करून द्यायची."

मग बाईंनी टीबीच्या डॉक्टरांना तिच्यासमोरच फोन लावला. एथाम्ब्युटॉल थांबवायचं तिथे ठरलं. बाकीच्या गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत, हे बाईंनी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. दर महिन्याला येऊन रंगीत ठिपक्यांमधले आकडे वाचायचे. बाहेर सासूबाईंना काय सांगायचं, ते तिचं तिने ठरवायचं.